धुळीतली हाक

१२ एप्रिल १९९९
ताबेल विहिरीजवळच्या तळावरून

अगं,

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी. मिठाच्या ट्रकवाल्याने ते आठवडी बाजारात तुझ्या वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते कुडत्याच्या आत ठेवून तळापर्यंत आणलं आणि माझ्या हातात न देता माझ्यापुढच्या चटईवर ठेवलं. "तुझ्या सिस्टरांचं असेल," म्हणाले. त्यांना वाचता येत नाही, पण कोणाचं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नुसतं बाजूला बसून राहिले. चहाचा दुसरा पेला झाला, तिसरा झाला, तरी उठेनात. शेवटी मीच म्हटलं, "तिकडे मराडी शहरात पोरीचं सगळं बरं आहे." मग उठले आणि गाईंकडे गेले.

नानोला मात्र धीर नाही. माझी सवत आहे ती, तू गेल्यानंतर आली. तुझ्याहून थोडीच मोठी. "ताई, कागद वाचताना तुमच्या ओठांना काय होतं हो? मुंगी चावल्यासारखे हलतात. कोण मेलं का?" मी म्हटलं, कोणी मेलं नाही, कोणीतरी जन्माला येणार आहे. तर म्हणते, "मग रडता कशाला? जन्मणारं मूल काय तुमचं दूध पिणार आहे?"

पाचवा महिना. मी दोनदा मोजलं. म्हणजे ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात. मागची दोन गेली हे तू पाच शब्दांत लिहिलंस. मला एकाचंही कळलं नव्हतं. तुझ्या सासूबाई, सालिसु मास्तरांच्या आई, म्हणतात की तुझ्या कानात कोणीतरी बसलंय, म्हणून मूल टिकत नाही. आणि तू लिहितेस, त्या खरं बोलत असतील.

तुझं बाळंतपण इथेच व्हायला हवं. पहिल्या वेळी पोरगी आईच्या तळावर येते, मूल दुधावरून सुटेपर्यंत राहते. हे मी तुला सांगायला नको. मीही तशीच गेले होते आणि तुला घेऊन परत आले होते. मी पलंग सारखा करून ठेवलाय. कुंपणाला नवे काटे लावलेत. एक लाल गाय तुझ्या नावावर आहे, म्हणजे तिच्या आजीची आजी तुझ्या नावावर होती. ती जूनमध्ये विणार आहे. दूध भरपूर होईल. रस्ते पावसाने बंद व्हायच्या आत ये.

तू म्हणशील, ही बाई तोंडाने कधी एक शब्द बोलली नाही आणि कागदावर बघा कशी बोलते. पहिल्या अपत्याचं नाव आईने घ्यायचं नाही, त्याला चारचौघांत जवळ घ्यायचं नाही, त्याच्याकडे बघून हसायचंसुद्धा नाही. लाज म्हणजे लाज. ही रीत मी केली नाही, माझ्या आईनेही केली नाही. पण कागदाबद्दल कोणी काही सांगून ठेवलेलं नाही, कारण आपल्यात कोणाला लिहिताच येत नव्हतं. माझा पाय बैलाने मोडला नसता, मिशनच्या सिस्टरांच्या दवाखान्यात मी महिनोन्महिने पडून राहिले नसते, आणि सिस्टर ओदीलने मला पाच वर्षं शाळेत ठेवून घेतलं नसतं, तर मलाही आलं नसतं. म्हणून लिहिते. तरी नाव लिहीत नाही. हात थांबतो.

तू विचारलंस, त्या दिवशी मी कुठे होते. सगळ्यांना ठाऊक आहे. मी विहिरीवर होते.

तुझा पलंग तयार आहे.

मोवा


४ मे १९९९
ताबेलहून

अगं,

तुझ्या पत्रात दोनच ओळी. "त्या वर्षी विहिरीला पाणीच नव्हतं. मी सहा वर्षांची होते, पण तेवढं मला आठवतं."

हो. विहीर आटली होती. मी तिथे नव्हते.

खोटं लिहिताना माझं अक्षर किती छान आलं होतं ते नंतर लक्षात आलं. समास सरळ, एकही खाडाखोड नाही. सिस्टर ओदील म्हणायची की ज्या मुलीचं पान इतकं स्वच्छ असतं तिने काहीतरी लपवलेलं असतं.

सावकाश लिहिते. तू मध्ये थांबवू नकोस.

सत्त्याहत्तर गाई होत्या आपल्या, त्या वर्षी एकोणीस उरल्या. माझ्या छातीत दूध नव्हतं, गाईच्या आचळात नव्हतं, दूध ठेवायच्या सुक्या भोपळ्यांना आतून भेगा पडल्या होत्या. तुम्ही दोघं सकाळी चार वासरं घेऊन उत्तरेकडच्या बाभळींखाली गेला होता, शेंगा वेचायला. तू सहा वर्षांची, तुझा भाऊ बेर्मो तीनचा. तो तुझ्या मागे मागे. तू त्याला हाताला धरून नेत होतीस आणि त्याला रागवत होतीस, "चाल की रे, म्हाताऱ्यासारखा काय करतोस." हे मी मागून पाहिलं. मी पाहिलं हे तुला माहीत नाही, कारण तू वळलीस तेव्हा मी मान फिरवली होती.

दुपारची, जुहरची नमाज झाली आणि पूर्वेकडे ती उभी राहिली. धुळीची भिंत. तू शहरात राहतेस, तिथे घरं आडवी येतात. इथे ती जमिनीपासून आभाळापर्यंत येते, पुढून लाल आणि पोटात काळी. आजी ओरडली, "दोर धरा! दोर धरा!" सगळ्या पोरांनी वासरं बांधायचा लांब दोर धरला आणि ती खाली बसली. तुम्ही दोघं नव्हता.

आजीने तुला शिकवलं होतं ते तू विसरली नव्हतीस. धूळ आली की बसायचं, काहीतरी जिवंत असेल ते धरायचं, आणि उठायचं नाही. आणि दुसरं: धुळीत कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही. धुळीत जी राहते तिला नाव नसतं. तिला ते हवं असतं. एकदा ऐकलं की ती तेच नाव आपल्या माणसाच्या आवाजात घेते आणि बोलावत नेते. म्हणून धुळीत आईसुद्धा गप्प बसते. कलमा म्हणते, ताईत धरते, आणि गप्प बसते.

संध्याकाळी तू सापडलीस, एका वासराच्या मानेला मिठी मारून. वासरू मेलं होतं, तू जिवंत होतीस. बेर्मो दुसऱ्या दिवशी सापडला, पुष्कळ उत्तरेला, कोरड्या ओढ्यात. तुझ्या वडिलांनी त्याला कुडत्यात गुंडाळून आणला. आम्ही त्याला तिथेच काबाकडे तोंड करून ठेवला आणि त्याच दिवशी तळ हलवला.

तू सापडलीस त्या संध्याकाळीच आजीने तुला विचारलं, ते तुला माझ्याहून जास्त आठवत असेल.

"त्याचा हात का सोडलास?"

"त्यानेच सोडला. त्याला हाक आली."

"कोणाची?"

तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "मोवाची."

(तू आजीला आई म्हणायचीस आणि मला नावाने हाक मारायचीस. तेही रीतीप्रमाणेच.)

आजीने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. आणि आजी म्हणाली, "मोवा विहिरीकडे गेली होती. ही मोवा नव्हे. पोरीने तिला ऐकलं." बायकांनी पदर तोंडावर घेतले. मौलवींना बोलावलं, त्यांनी पाटीवर कुराणातल्या आयती लिहिल्या, ती शाई धुऊन तुला पाजली. तू ओकलीस. मग म्हणाले, बघा, आत आहे.

त्या दिवसापासून तू धुळीने कान उघडलेली पोर झालीस. तुझ्याबरोबर कोणी पोरं वासरांकडे पाठवेना. तुझ्यासाठी ठरलेल्या मुलाच्या घरच्यांनी सोयरीक मोडली. आजी वारली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, आणि तुला ठेवून घ्यायला दुसरं कोणी पुढे आलं नाही. मी तुला गाढवावर बसवून सिस्टरांकडे नेलं. तीन दिवसांची वाट. तिसऱ्या दिवशी तू विचारलंस, "मोवा, मी त्या आवाजाचं बोलले नसते तर मला ठेवलं असतंत का?"

मी गाढवाला काठी मारली.

ट्रक आज दुपारी निघतो. मी विहिरीवर नव्हते, एवढं या पत्रात आलं. बाकीचं पुढच्या कागदावर. मला इतक्यात जमत नाही.

मोवा


२३ मे १९९९

अगं,

सिस्टरांच्या प्रार्थनाघरात एक लाकडी खोका होता. मध्ये जाळी. ख्रिस्ती माणसं एका बाजूला गुडघे टेकून हळू बोलायची आणि दुसऱ्या बाजूला पाद्री ऐकायचा. आम्हा मुसलमान पोरींना तिथे काही काम नव्हतं, आम्ही नुसत्या फरशी पुसायला जायचो. एकदा मी त्या खोक्यात शिरून बसले होते. काही बोलले नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच तेव्हा. गार होतं आत. परवापासून तेच आठवतंय.

तर ऐक.

धूळ आली तेव्हा मी उत्तरेच्या टेकाडाच्या अलीकडे होते. तुमच्याकडेच निघाले होते. आजीने ओरडून सांगितलं होतं, जाऊ नकोस, खाली बस. मी ऐकलं नाही, आणि पुढे धुळीत मी कुठे गेले ते कोणाला दिसलं नाही. सगळ्यांना वाटलं मी रिकाम्या विहिरीच्या आडोशाला गेले, कारण धूळ बसल्यावर मी त्या बाजूने आले. मी त्या बाजूने आले कारण माझी वाट चुकली होती.

टेकाडावर उभी राहून मी ओरडले. "बेर्मोऽऽ!" गळा फाटेपर्यंत ओरडले. तोंडात वाळू जात होती, थुंकत होते आणि ओरडत होते. किती वेळा ते मला ठाऊक नाही. आधी तीनदा असं मी स्वतःला सांगत आले. तीनदा नव्हतं ते. धूळ बसेपर्यंत ओरडत होते.

धुळीतून आवाज येतो तेव्हा तो कुठून येतोय ते कळत नाही. वारा त्याला उचलतो आणि भलतीकडे नेऊन टाकतो. मी दक्षिणेला उभी होते आणि माझं लेकरू उत्तरेला धावलं, आईकडे धावतोय असं समजून. आजीच्या त्या नियमात धुळीतली बाई असेल नसेल, पण नियम करणाऱ्याला वारा ठाऊक होता.

त्याला कोणी बोलावलं नाही, मी बोलावलं. तू ऐकलास तो माझा आवाज होता. माझाच. तुझ्या कानात कोणी बसलेलं नाही. तुझी दोन मुलं कोणी नेली ते अल्लाला माहीत, पण ती त्या धुळीतून आली नव्हती. सव्वीस वर्षं तू सांगितलंस ते अक्षर न् अक्षर खरं होतं आणि ते खरं आहे हे तळावर एकट्या मलाच माहीत होतं.

मी का बोलले नाही? तू हे विचारशीलच. त्या संध्याकाळी आजी म्हणाली, "ही मोवा नव्हे." मला वाटलं, बरं झालं. एवढंच वाटलं. पुढचं काही सुचलंच नाही. बेर्मो अजून सापडलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी सापडला, मग तर तोंडच उघडेना. आणि ज्या दिवशी उघडलं असतं त्या दिवशी तू गाढवावर बसली होतीस.

तुझं नाव मी का घेतलं नाही तेही लिहिते. तू इतकी वर्षं तोच विचार करत असशील, की हिने त्याला बोलावलं, मला नाही. माझ्या तोंडात तुझं नाव बसतच नव्हतं गं. जन्मापासून कधी घेतलं नव्हतं. त्याचं येत होतं. जिथे तो असेल तिथे तू असणार हे मला माहीत होतं. माझ्यासाठी त्याचं नाव म्हणजे तुम्हा दोघांचं नाव होतं.

हे लिहून झालं आणि मग मला वाटलं, कागदावर लिहिणं सोपं आहे. म्हणून काल दुपारी तुझ्या वडिलांपाशी गेले. ते गाईच्या खुरातला काटा काढत होते.

"ऐकता का," म्हटलं. "त्या दिवशी धुळीत मी ओरडले होते. त्याला."

ते काटा काढत राहिले. गाय पाय झटकत होती, तिला "हो बाई, हो" करत राहिले. काटा निघाल्यावर त्यांनी तो नीट बघितला आणि म्हणाले, "तुझा आवाज मला ओळखू येत नाही का?"

मी गाईचा दोर धरला.

"मी पश्चिमेला होतो, गुरांत. दोनदा ऐकू आला. मग वारा फिरला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस. मी कसा बोलू?"

"आणि पोर? पोरीचं काय?"

त्यांनी कुडत्याला हात पुसले. खूप वेळ पुसले. "वाटलं, सिस्टरांकडे पोटभर जेवेल," म्हणाले.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण आम्ही दोघांनी मिळून केलेलं होतं ते, एकमेकांना न विचारता.

आता तुझ्या हातात आहे. मी लिहिलंय ते मास्तरांना वाचून दाखव, त्यांच्या आईंना त्यांच्या हौसा बोलीत सांग. तुझ्यात काही दोष नव्हता. आली नाहीस तरी हे सांग.

मोवा


१५ जून १९९९

अगं,

तुझं पत्र आलं ते मी चार वेळा वाचलं आणि मग घडी करून दुधाच्या भोपळ्यांखाली ठेवलं. पुन्हा काढलं. नानो म्हणाली, "द्या इकडे, मीच चघळते, तुमचे दात दुखतील." मी हसले नाही म्हणून ती घाबरली. जवळ येऊन बसली. "ताई, ती नाही येणार का?"

आधी इथलं. मी सगळ्यांपुढे सांगितलं. शुक्रवारी, नमाज झाल्यावर, तळाला मधोमध दुभागणाऱ्या वासरांच्या दोराच्या बायकांच्या बाजूला उभी राहून, इतक्या मोठ्याने की पुरुषांच्या बाजूलाही ऐकू जावं. मी म्हटलं, धुळीत हाक मारणारी मी होते, पोरीचे कान चांगले आहेत. मग नानोच बोलली, "मग ती पोर इतकी वर्षं उगाच?" एवढंच, आणि तोंडावर हात ठेवला. आता म्हाताऱ्या बायका माझ्या हातात आपली नातवंडं देत नाहीत. नाव न घेता उठून जातात. ते ठीक आहे. ते तुझ्या वाटणीचं माझ्याकडे आलं, उशिरा.

आता तुझं.

तू लिहितेस, "बेर्मोला तू बोलावलंस हे मी मानलं. मग मला कोणी बोलावलं?"

तू लिहितेस ते पुन्हा उतरवते, कारण माझ्याच अक्षरात पाहिल्याशिवाय मला खरं वाटत नाही. आधी त्याचं नाव आलं. पुष्कळदा आलं. तो उठला, तूही उठलीस, दोघं हात धरून चार पावलं चाललात. मग त्याच आवाजात तुझं नाव आलं. स्पष्ट, जवळून. आणि तू तिथेच खाली बसलीस. "कारण तू माझं नाव कधीच घेत नाहीस," असं लिहिलंयस तू. "म्हणून मला कळलं की ही तू नाहीस. मी त्याला ओढलं, पण तोवर त्याने हात सोडवला होता. त्याला कसं कळणार? त्याला तर तू रोज हाक मारायचीस." आणि खाली, आजीबद्दल: "हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. वाटलं, माझं नाव त्या धुळीतलीला माहीत आहे म्हटलं तर मला तिथेच सोडून जातील."

सहा वर्षांची होतीस तू.

मी तुझं नाव घेतलं नाही. मी हे कुराणावर हात ठेवून सांगेन. टेकाडावर माझ्या तोंडातून एकच नाव बाहेर पडलं, त्याचं.

तर मग कोण होतं? आजी असती तर म्हणाली असती, आणखी कोण. सिस्टर ओदील म्हणाली असती, भुकेलं मूल, तहानलेलं मूल, त्याला काहीही ऐकू येतं. दोघींचं मी ऐकून घेतलं असतं. पण मला एक ठाऊक आहे जे त्या दोघींना ठाऊक नव्हतं. ते मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. लपवलं असं नाही, त्याला लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

मी त्याला ओरडत होते आणि दर दोन हाकांच्या मध्ये ओठ घट्ट मिटून तुझं नाव घेत होते. आवाज न करता. दातांच्या आत. वाळू तोंडात जाऊ नये म्हणून तोंड मिटावंच लागत होतं, आणि मिटलं की तुझं नाव यायचं. उघडलं की त्याचं. किती वेळ चाललं होतं हे! तुझं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी घेतलं. कोणी ऐकलं नाही असं मी समजत होते.

तू ऐकलंस का ते? की माझ्या मिटल्या तोंडातून दुसऱ्या कोणी उचललं आणि तुझ्यापर्यंत नेलं? मला सांगता येत नाही. मी चार दिवस त्याच टेकाडाकडे बघतेय. या वर्षी चारा इकडेच आहे म्हणून सव्वीस वर्षांनी आमचा तळ पुन्हा या बाजूला पडलाय. हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं, कारण मग तू आलीच नसतीस. दुपारी वारा सुटला की मला ऐकू येतं. बेर्मोचं नाव कधीच येत नाही. तुझं येतं, माझ्या आवाजात, तरुणपणीच्या. मी नानोला विचारते, ऐकू आलं का? ती म्हणते, वारा आहे, ताई. तुझ्या वडिलांना मी विचारत नाही. पण ते आवाज आल्यासारखे मान वर करतात, हे मी पाहिलंय.

मी आनंदी व्हावं का दुःखी, ते मला कळत नाही. तू त्या हाकेला ओ देऊन आली असतीस तर तूही ओढ्यात सापडली असतीस. तू आली नाहीस कारण मी तुला कधी हाक मारली नव्हती. जी लाज मी सहा वर्षं पाळली, जिच्यापायी तुला जवळ घेतलं नाही, तिनेच तुला खाली बसवलं. आणि ज्याच्यावर मी मोकळेपणी जीव टाकला त्याला माझा आवाज घेऊन गेला. हे असं जुळवून दाखवायला मला आवडत नाही, पण दुसरं काही मला दिसत नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "तरी येऊ का?"

ये.

पहिला पाऊस दक्षिणेला पडून गेला असं ट्रकवाला म्हणतो, म्हणजे आठ-दहा दिवसच आहेत. मास्तरांना सोबत आण. आमच्यात जावई सासूपुढे येत नाही हे त्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर बिचारे मला शोधत बसतील. मी कुंपणाआड लपलेली असेन आणि नानो त्यांची भरपूर थट्टा करेल. ट्रकमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी बस, मिठाच्या गोण्यांवर बसू नकोस. पाणी दोन कॅन आण. लाल गाय व्यायली. कालवड आहे.

ट्रक बाजाराच्या टोकाला थांबतो, तिथून तळापर्यंत अर्ध्या दिवसाची वाट. तुझे वडील बैल घेऊन येतील. वाटेत तो ओढा लागतो. दुपारी तिथे वारा असतो, आणि तिथे कदाचित तुला कोणीतरी नावाने हाक मारेल. आवाज माझा असेल. तरी थांबू नकोस, वळू नकोस, बैलाचा दोर सोडू नकोस.

मी हाक मारणार नाही. मी तळाच्या अलीकडे वाटेवर उभी असेन, काळ्या लुगड्यात, आणि तू जवळ आलीस तरी तोंड उघडणार नाही. तुझ्या डोक्यावरचं गाठोडं माझ्या डोक्यावर घेईन आणि पुढे चालू लागेन. तू मागून ये.

मोवा